हरिपूरच्या पेवावरची दहा मिनिटं

थांबायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. हे वयामुळे नाही, पहिल्यापासूनचं आहे, आणि त्याचं कारणही मला ठाऊक आहे. माझे वडील पलटणीतून निवृत्त होऊन मेढ्याला परतले तेव्हा त्यांनी भात सडायची गिरणी काढायचं ठरवलं. आमच्याकडे भात पिकतो, जवळपास गिरणी नव्हती, आणि वडिलांना रिकामं बसणं माहीत नव्हतं. जागा झाली, शेड उभी राहिली, यंत्र बघून ठेवलं. राहिला परवाना. त्या काळी भातगिरणीला सरकारची परवानगी लागे आणि ती कधी मिळेल हे कोणी सांगत नसे. वडील दर सोमवारी साताऱ्याला येऊन कचेरीतल्या बाकावर बसत. मी साताऱ्यात कॉलेजात होते. दुपारी मी तिथे जाई आणि आम्ही दोघं त्या बाकावरच भाकरी खात असू. कारकून म्हणे, कागद वर गेलाय, थांबा. वर म्हणजे कुठे, असं मी एकदा विचारलं तर त्याने बोट छताकडे केलं. वडील हसले. मला हसू आलं नाही.

परवाना तिसऱ्या वर्षी आला. तोवर शेडच्या पत्र्याला गंज चढला होता आणि वडिलांची हौस ओसरली होती. गिरणी त्यांनी चालवली, पण काढलीच आहे तर चालवायची म्हणून.

पुढे टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून मी सांगलीच्या व्यापारी मंडळात नोकरीला लागले. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची ही दोन-तीन वर्षं. मार्केट यार्डात एका गोदामाच्या वर मंडळाच्या तीन खोल्या होत्या. खालून हळदीचा आणि गुळाचा वास वर यायचा. टाइपरायटरच्या कळांच्या फटीत पिवळी भुकटी बसायची आणि दर शनिवारी मी ती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायची. ऑफिसात मी एकटीच बाई होते. सभासद जिना चढून आले की आधी माझ्याकडे बघून दचकायचे, मग खुर्ची ओढून आपलं काम सांगायचे. वर्षभराने दचकणं थांबलं.

आमचं मंडळ दिल्लीच्या एका महासंघाचं सभासद होतं. देशभरच्या व्यापारी आणि कारखानदारांचा तो महासंघ. त्याची जाड पाकिटं आठवड्याला येत. आत इंग्रजी परिपत्रकं, सरकारला दिलेली निवेदनं, भाषणांच्या प्रती. परवान्यांची संख्या कमी करा, एका कामाला पाच कचेऱ्या नकोत, बाहेरच्या देशात माल पाठवणाऱ्याच्या वाटेतले अडथळे काढा. ऑफिसात हे कागद कोणी वाचत नसे. पाठच्या कोऱ्या बाजूवर भाव लिहिले जात आणि उरलेल्या कागदांत शिपाई भडंग बांधून नेई. मी मात्र ते सगळे वाचायची. महासंघात सगळे साधुसंत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. मोठ्या कारखानदारांना हवं ते पहिल्या पानावर असे आणि हळद, गूळ, तंबाखू शेवटच्या पानाच्या तळाशी. तरीही ‘अनावश्यक विलंब’ हे शब्द आले की वाटे, कोणीतरी दिल्लीत बसून आमच्या त्या बाकाबद्दल लिहितंय. एवढं समाधान मला पुरत असे.

एका हिवाळ्यात पत्र आलं की महासंघाच्या निर्यात विभागाचे प्रमुख आमच्या भागात येणार आहेत. गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या अडचणी ऐकायच्या, साठवणूक बघायची आणि त्यावर अहवाल करून सरकारपुढे ठेवायचा, असा बेत होता. आमचे मानद चिटणीस हळदीचे मोठे व्यापारी होते. पत्र वाचून ते खुर्चीतच जरा सरळ बसले. म्हणाले, “आपल्या पेवांवर एक पान इंग्रजीत तयार करा. हरिपूरला जा, विचारून या.”

कशाचं तरी पेव फुटलं असं आपण सहज बोलतो, पण त्यातलं पेव पाहिलेली माणसं थोडी. सांगलीजवळ नदीकाठी हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवत. वर तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, खाली पोट रांजणासारखं रुंद. आतून गवत आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. वर्षानुवर्षं त्या हळदीला कीड लागत नसे, कारण आत हवाच उरत नसे. पुढे नदीच्या पाण्याने बरीच पेवं गेली. मी म्हणते तेव्हा मात्र शेताच्या कडेला चालताना आपल्या पायाखाली हळद आहे हे कळायचंसुद्धा नाही.

चिटणीसांची पेवं सांभाळणारे दोघे भाऊ होते. थोरल्यांना सगळे मामा म्हणत. पन्नाशीचे, कमी बोलणारे, अंगात कोपरावर उसवलेला खाकी स्वेटर. तसले स्वेटर तेव्हा बाजारात जुने मिळत, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. धाकटा तिशीचा, काटक आणि गमत्या. दोरावरून उतरावं ते यानेच. मी गेले तेव्हा तो एक रिकामं होत आलेलं पेव झाडून वर आला होता. केस, भुवया, पापण्यासुद्धा पिवळ्या. मला बघून म्हणाला, “घाबरू नका ताई, लगीन न्हाई माजं, रोजचीच हळद हाय.” मामांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

मामांनी मला सगळं नीट सांगितलं. पेव उघडायचं कसं, भरायचं कसं, आणि एकदा उघडलेलं पेव सगळं रिकामं करावं लागतं, अर्धं काढून परत बुजवता येत नाही. मग उतरायचं कसं, ते. “सकाळच्या पारी तोंड उघडायचं आन लांब बसायचं. दिस कलला की कंदील सोडायचा. तळाला जाऊन जळत ऱ्हायला तर माणूस सोडायचा. इझला तर दुसऱ्या दिशी.”

“घाई असली तर?” मी विचारलं.

“पेवाला घाई न्हाई. आन अर्धं भरलेलं पेव असलं तर लयच जपायचं. मोकळ्या जागंत नुसता इखार असतोय.”

हे सगळं मी शॉर्टहँडमध्ये टिपलं आणि टाइप करून चिटणीसांपुढे ठेवलं. त्यांनी कंदिलाचा परिच्छेद लाल पेन्सिलीने काढून टाकला. म्हणाले, “हे कशाला? बाहेरच्या खरेदीदाराला वाटेल आपला माल विषारी आहे.” मला ते पटलं. खरं तर पटायचा किंवा न पटायचा प्रश्नच नव्हता. मी पान पुन्हा टाइप केलं.

पाहुणे आले ते सकाळच्या गाडीने. चाळिशीचे, स्वच्छ, साधे गृहस्थ. पंजाबकडचे असावेत. हिंदी आणि इंग्रजी बोलत आणि समोरच्याचं ऐकून घेत. आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणांचं हिंदी दुसऱ्या वाक्याला मराठीत शिरायचं. माझं हिंदी वडिलांच्या पलटणीतून घरी आलेलं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. बाईने पाहुण्यांशेजारी बसावं की मागे, यावर आदल्या दिवशी अर्धा तास चर्चा झाली होती. शेवटी मी शेजारी बसले.

सभेत जे झालं ते मी आजवर कित्येकांना हसत सांगितलं आहे. पाहुण्यांनी विचारलं, तुमच्या अडचणी सांगा, त्यासाठीच आलोय. पहिल्या रांगेतले हळदवाले म्हणाले, आमचं बरं चाललंय. गूळवाले म्हणाले, देवाच्या कृपेने ठीक आहे. माधवनगरचे एक मागवाले सूत मिळत नाही म्हणून गेला महिनाभर रोज आमचा जिना चढत होते, तेही हात जोडून म्हणाले, काही विशेष नाही. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले की मी भाषांतर नीट करतेय ना. मी करत होते. सभा संपून चहा सुरू झाला तसे हेच सगळे एकेक करून मला जिन्याजवळ गाठायला लागले. दाखल्यासाठी माल बंदरावर कसा सडतो, कोण किती हेलपाटे घालायला लावतं, सगळं मलाच. मी चिडून म्हटलं, अहो, मग आत का नाही बोललात? मागवाले म्हणाले, “परक्या माणसापुढे घरचं उणं कसं काढायचं, बाई? पाहुणे आहेत ते.” मला त्यांचा मनापासून राग आला. तीन वर्षं बाकावर बसलेला माझा बाप तिथे असता तर उभा राहून बोलला असता, असं मी स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तोही बोलला नसता.

चहा पिताना पाहुण्यांनी सहज म्हटलं, एखादं पेव उघडताना बघायला मिळेल का. सहज म्हटलं, एवढंच. नाही म्हटलं असतं तर त्यांनी मान हलवून विषय बदलला असता. पण चिटणीसांनी ताबडतोब गाडी काढायला सांगितली. त्यांचं एक पेव त्या साली अर्धंच भरलं होतं. उघडून रिकामं करावं लागलं तरी फार नुकसान नाही, असा त्यांनी विचार केला. पाहुण्यांना दुपारी कोल्हापूरला पोचायचं होतं.

आम्ही हरिपूरला पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. निरोप पुढे गेला होता. भावांनी माती खरवडून फरशी सरकवली होती. चिटणीस गाडीजवळ शहाळी फोडून घेण्यात गुंतले. पेवाच्या तोंडाशी पाहुणे, मी आणि ते दोघे भाऊ, एवढेच होतो. पाहुणे वाकून बघायला गेले तर मामांनी हाताने त्यांना मागे सारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, त्यांस्नी सांगा, आता काय दिसायचं न्हाई. दुपार टळू द्या. कंदील टिकला म्हंजी उतरू.”

पाहुण्यांनी मला विचारलं, “कितना समय लगेगा?”

हा प्रश्न मला विचारला होता. मला उत्तर माहीत होतं, माझ्याच हाताने मी ते टिपलं होतं. पण मामांच्या तोंडून दुपार टळू द्या हे ऐकलं आणि मला तो साताऱ्याचा कारकून दिसला. सकाळपासून जो तो या माणसापुढे गप्प बसला होता, आणि आता मामाही त्याला थांबा म्हणून सांगत होते. हा माणूस दिल्लीहून आला आहे, देशातलं थांबणं कमी व्हावं म्हणून फिरतो आहे, आणि आपण त्याला शेताच्या बांधावर बसवणार. मला लाज वाटली. दुसरं काही नाही, लाजच वाटली.

मी म्हटलं, “दस मिनट, सर.”

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोरखंडाची गुंडाळी सोडायला घेतली.

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. ती दहा मिनिटं त्यांनी वाया घालवली नाहीत. मला वही काढायला सांगून टिपणं दिली: साठवणुकीची पद्धत स्वस्त आहे, माल टिकतो, नमुना काढायला दहा मिनिटं लागतात, म्हणजे विलंबाचं मूळ इथे नाही, कचेऱ्यांत आहे. मी लिहून घेतलं. वाक्य मला आवडलंसुद्धा.

तेवढ्यात चिटणीस आले. पाहुण्यांनी हसून घड्याळ दाखवलं आणि “हो गया?” असं विचारलं. चिटणीसांना वाटलं, पाहुण्यांना निघायची घाई आहे. ते मामांना म्हणाले, “आटपा लवकर, गड्यांनो. पाहुणे खोळंबलेत.” मामांनी कंदील सोडला. पेवाच्या अरुंद गळ्याखाली जाताच तो विझला. मामा म्हणाले, “न्हाई शेठ. वाईच थांबा.” चिटणीस म्हणाले, “अहो, वरचा मूठभर नमुना तर काढायचाय. एवढी वर्षं उतरताय तुम्ही.” मामा विझलेला कंदील वर ओढायला लागले. धाकट्याने एकदा भावाकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि सदरा काढून म्हणाला, “असा जातो आन असा येतो.”

मामांनी त्याच्या कमरेला दोर बांधला. बांधून झाल्यावर काखेखालून पुन्हा एक वेढा घेतला. त्याचा जीव वाचला तो त्या दुसऱ्या वेढ्यामुळे.

तो खाली गेला तेव्हा काहीतरी गुणगुणत होता. ते मध्येच थांबलं. मामांनी हाक मारली, ओ आली नाही. मग मामा, ड्रायव्हर, चिटणीस आणि पाहुणे, सगळे दोर ओढायला लागले. गळ्याशी त्याचा खांदा अडकला आणि तिथे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वर आला तेव्हा अंग सैल पडलं होतं, तोंड पिवळं आणि ओठ काळेनिळे. मामांनी त्याला वाऱ्याच्या तोंडाला आडवं केलं आणि छाती दाबत राहिले. श्वास आला. पाहुण्यांसाठी काढलेल्या गाडीतूनच त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. पाहुणे कोल्हापूरला गेले नाहीत. दिवस मावळेपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. मीही उभी होते. माझी वही माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी हे मला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धाकटा शुद्धीवर आला. हळूहळू चालायला लागला. पण उजवा हात थरथरायचा आणि बोलताना शब्द सापडायला वेळ लागायचा. पेवात उतरणं संपलं. चिटणीसांनी त्याला आपल्या गोदामावर राखणदार ठेवलं आणि जो भेटेल त्याला ते सांगत, “माझीच घाई नडली.” त्यांचं चुकलं होतंच, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कोणी खोट काढली नाही. दहा मिनिटं हा शब्द कुठून आला, असं कोणी विचारलं नाही. पाहुण्यांचं आणि माझं ते बोलणं दोन वाक्यांचं, तेही हिंदीत, चिटणीस गाडीपाशी असताना झालेलं. मला खोटं बोलावं लागलं नाही. नुसतं गप्प बसावं लागलं, आणि ते फारच सोपं गेलं.

दौऱ्याची टिपणं टाइप करून दिल्लीला पाठवायची होती. चिटणीस म्हणाले, अपघाताचं त्यात काही नको, मंडळाची बदनामी होईल. मी अपघात वगळला. दहा मिनिटं वगळायला मला कोणी सांगितलं नाही, आणि मी आपण होऊन ती खोडली असती तर का खोडली ते सांगावं लागलं असतं. मी ती तशीच टाइप केली. पाकीट मीच डिंकाने चिकटवलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर छापील अहवाल आला. गुळगुळीत कागद, आत आलेख. ते पाहुणे दरम्यान महासंघ सोडून गेल्याचं सोबतच्या पत्रावरून कळलं. अहवाल दुसऱ्याच कोणी, ठिकठिकाणच्या टिपणांवरून लिहिला होता. अहवाल चांगला होता, हे मला सांगितलं पाहिजे. परवान्यांबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं आणि त्यातलं बरंच पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारने केलंही. आमच्या भागावर सव्वा पान होतं. येथील व्यापाऱ्यांच्या विशेष तक्रारी आढळल्या नाहीत. आणि खाली: पेवातून मालाचा नमुना दहा मिनिटांत मिळू शकतो.

मी ते वाचलं आणि अहवाल कपाटात सगळ्यात खाली ठेवला. तो तिथे राहिला असता तर कदाचित मीही तशीच राहिले असते. पण महिन्याभरात मुंबईच्या एका निर्यातदाराचं पत्र आलं. परदेशी खरेदीदाराला घेऊन अमुक तारखेला येतोय, महासंघाचा अहवाल वाचला आहे, वेळ थोडा आहे, आम्ही पोचल्यावर आमच्यासमोर पेव उघडून नमुना काढून द्यावा. चिटणीस पत्र वाचून खूष झाले, मग जरा गंभीर झाले, आणि म्हणाले, “मामांना आधी निरोप द्या. आता त्यांनाच उतरावं लागेल.”

निरोप द्यायला मीच गेले. पत्र पर्समध्ये होतं आणि अहवालही घेतला होता. मामा पेवांजवळच्या खोपटाबाहेर दोर वळत बसले होते. धाकटा शेजारी बसून त्यांना काथ्या पुरवत होता. सुटी होती त्याची. मी अहवाल उघडला, ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं आणि पत्राचंही सांगितलं. मामांनी हात थांबवला नाही. म्हणाले, “आदल्या दिशी सांगा म्हणावं. उघडून ठिवतो.”

“मामा,” मी म्हटलं, “ती दहा मिनिटं मी सांगितली होती. पाहुण्यांनी नाही, शेठनी नाही. तुम्ही दुपार टळू द्या म्हणालात आणि मी त्यांना दहा मिनिटं सांगितलं.”

मी धाकट्याकडे बघू शकत नव्हते.

मामा म्हणाले, “ठावं हाय मला.”

मला वाटलं, त्यांना मी काय म्हणतेय ते समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी दोर मांडीवर ठेवला.

“पलटणीत बारा वर्सं काढली मी. हिंदीतच उठायचं आन हिंदीतच झोपायचं. दस मिनट मला कळतंय की.” त्यांनी स्वेटरच्या उसवलेल्या कोपरावरचा धागा तोडून टाकला. “ऐकलं तवाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? परक्या माणसाम्होरं आपल्या पोरीला खोटं पाडायचं? म्हणलं, शिकलेली हाय, कायतरी सांगून सावरंल. न्हाई सावरलंस तवा शेठला थांबा म्हणलं, तेबी हळूच म्हणलं. वरडाय पायजे व्हतं. तितं माजं चुकलं.” पहिल्यांदाच ते ताई सोडून माझ्याशी एकेरीत बोलले होते. “भाऊ माजा. वरडाय मी पायजे व्हतो.”

इतके महिने मी समजत होते की हे ओझं माझ्या एकटीकडे आहे आणि ते कोणाला माहीत नाही. तेवढे सगळे महिने हा माणूस रोज भावाच्या थरथरत्या हाताकडे बघत होता आणि तेच ओझं आपलं म्हणून वाहत होता, आणि त्यातला माझा वाटा त्याने कोणाला, भावालाही, कळू दिला नव्हता. सभेतल्या त्या हात जोडणाऱ्या मागवाल्यावर मी किती चिडले होते ते मला आठवलं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग मी तिथेच वही काढली आणि निर्यातदाराला द्यायचं उत्तर लिहिलं. पेव उघडल्यावर त्याच दिवशी नमुना मिळेलच असं नाही. कंदील जळत राहिल्याशिवाय माणूस उतरणार नाही. खरेदीदारांना थांबावं लागेल. अहवालातली वेळ चुकीची आहे, ती मंडळाच्या टायपिस्टने दिली होती. चिटणीसांनी दुसऱ्या दिवशी ते वाचलं, लाल पेन्सिल उचलली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पेन्सिल ठेवून सही केली. निर्यातदार आले नाहीत. एक प्रत मी महासंघालाही पाठवली. त्यांची पोच आली, एवढंच.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी वही मिटून उठले तेव्हा धाकट्याने हात वर केला. तो काही बोलू बघत होता. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मामांनी मला हाताने बसायची खूण केली. त्याने भावाचं आणि माझं सगळं बोलणं ऐकलं होतं, आणि आता तो काय म्हणेल ते मला ऐकायचं नव्हतं. पण मी बसले. त्याला शब्द सापडेपर्यंत बसून राहिले.

“ताई,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “चा... घिऊन जा.”